सीट हलत नाही म्हणजे मोटरच गेली असं नाही

गाडीची पॉवर सीट बंद पडली की इंदुरातल्या बऱ्याच गॅरेजांत निदान आधीच तयार असतं: “मोटर गई, भिया.” सीटखाली वाकून बघण्याआधी आणि मीटर हातात घेण्याआधीच. मग नवी मोटर मागवतात. सुटी मोटर मिळत नसेल तर सीटची अख्खी फ्रेम येते. ती बसवल्यावर कधीकधी सीट चालूही होते, कारण काढ-घाल करताना सैल झालेला एखादा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, पुन्हा घट्ट बसलेला असतो. पैसे मात्र मोटरचे गेलेले असतात.

मला हे फार खटकतं. एकाच माणसाच्या हातातल्या गाडीत सीटची मोटर वर्षभरात एकूण काही मिनिटंच फिरते. ती झिजायला वेळ लागतो. तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वायरी, कपलर, स्विच आणि अर्थचा (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारा) बोल्ट मात्र रोज धूळ, ओल, उष्णता आणि ओढाताण सोसत असतात. म्हणून संशय आधी त्यांच्यावर घ्यायचा. आणि तो खरा की खोटा हे मोटर न उघडताही कळू शकतं.

सीटच्या पोटात काय असतं ते आधी बघू. जाहिरातीत ‘8-वे’ लिहिलेलं असतं त्या आठ दिशा: सीट पुढे-मागे, पूर्ण सीट वर-खाली, मांडीखालचा पुढचा भाग वर-खाली आणि पाठ पुढे-मागे. दोन दिशांना मिळून एक मोटर, म्हणजे मोटरी चार. 6-वे असेल तर साधारणपणे तीन. प्रत्येक मोटर 12 व्होल्टची साधी डीसी मोटर असते, आत कायमचे लोहचुंबक आणि बाहेर दोन वायरी. प्लस-मायनस एका बाजूनं दिलं की ती सुलट फिरते, अदलाबदल केली की उलट. तिच्या टोकाला स्क्रूसारखा वर्म गिअर असतो आणि तो बहुधा एक लांब आट्यांचा दांडा फिरवतो. या रचनेमुळे मोटर सीटला ढकलू शकते, पण सीट मोटरला उलटी फिरवू शकत नाही. जोरात ब्रेक लागला तरी सीट घसरत नाही ती यामुळेच.

वीज निघते बॅटरीतून आणि फ्यूजमधून जाते. हा फ्यूज बऱ्याच गाड्यांत 20 ते 30 अँपिअरचा असतो. काही गाड्यांत फ्यूजऐवजी तापला की तुटणारा आणि गार झाला की आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर असतो. तिथून वायर गालिच्याखालून सीटखालच्या कपलरला येते, मग सीटच्या बाजूच्या स्विचला, आणि स्विचमधून मोटरींना. परतीची अर्थची वायर त्याच कपलरमधून बाहेर पडून गाडीच्या पत्र्यावर बोल्टनं आवळलेली असते.

यातला स्विच नीट समजून घ्या, कारण अर्धं निदान तिथेच होतं. मोटरच्या दोन वायरींना आपण अ आणि ब म्हणू. स्विच मोकळा असताना अ आणि ब दोन्ही स्विचच्या आत अर्थला जोडलेल्या असतात. बटण पुढे ढकललं की फक्त अ अर्थवरून उचलली जाते आणि प्लसला लागते. ब अर्थवरच राहते. मागे ढकललं की ब प्लसला जाते आणि अ अर्थवर राहते. एका मोटरसाठी चार संपर्क, आणि दर वेळी त्यांतले दोन कामाला येतात.

आता यावरून काय निघतं बघा. सीट पुढे जाते पण मागे येत नाही, अशी तक्रार असेल तर मोटर चांगली आहे. फ्यूज चांगला आहे, सीटखालचा कपलर चांगला आहे, मोटरच्या दोन्ही वायरी चांगल्या आहेत. यातलं काहीही तुटलं असतं तर सीट पुढेही गेली नसती. उरतो फक्त स्विच, त्यातला एखादा जळका किंवा काळवंडलेला संपर्क. क्वचित रेलमध्ये एखादी वस्तू अडकल्यानं एकाच बाजूला अडथळा येतो, पण तेव्हा मोटर हुंकार देते, आवाज येतो. अशा वेळी एकही पाना न लावता मोटर आरोपातून सुटते.

एका मोटरच्या दोन्ही दिशा बंद आणि बाकी सगळं चालू असेल तर फ्यूज आणि मुख्य अर्थ आरोपातून सुटले. संशय त्या मोटरवर, तिच्या दोन वायरींवर आणि स्विचच्या तेवढ्या भागावर. सगळ्याच दिशा एकदम बंद असतील तर चारही मोटरी एकाच दिवशी जळाल्या असं मानायचं काही कारण नाही. तिथे जे सगळ्यांना सामाईक आहे तेच बघायचं: फ्यूज, येणारी प्लसची वायर, सीटखालचा कपलर, अर्थचा बोल्ट. आणि मोटरचा गुंऽऽ आवाज येतोय, पण सीट जागची हलत नाही, तर बिघाड विजेचा नाहीच. गिअरचे दाते गेलेत किंवा मोटर आणि गिअरमधली लवचीक दांडी सुटली आहे.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी घरीच सगळ्या दिशा एकेक करून दाबून बघा, नेमकं काय होतं ते कागदावर लिहा आणि तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या. “सीट खराब आहे” एवढंच सांगितलं की त्याला अंदाजच बांधावा लागतो.

सीटखाली हात घालण्याआधी

पिवळा कपलर दिसला तर तो साइड एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा आहे. त्याला मल्टिमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. ओहम मोजताना मीटर स्वतःचा थोडा करंट त्या सर्किटमध्ये सोडतो, आणि एअरबॅगच्या आत करंटनंच पेटणारी दारू असते. सीट बाहेर काढायची असेल तर इग्निशन बंद करा, बॅटरीची मायनस वायर सोडा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये काही काळ वीज साठलेली असते. पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहील आणि तो घालवायला स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) शोधत फिरावं लागेल.

आणखी एक अडचण असते. सीटचे पुढचे बोल्ट काढायला सीट मागे असावी लागते आणि मागचे काढायला पुढे. सीटच बंद असेल तर? साध्या, मेमरी नसलेल्या (म्हणजे ठरवलेली जागा लक्षात न ठेवणाऱ्या) सीटमध्ये मोटरचा कपलर सुटा करून मोटरच्या दोन पिनांना थेट 12 व्होल्ट देता येतात, पण वायरीत 15-20 अँपिअरचा फ्यूज घालूनच. मोटर फिरली तर बोल्टही मिळाले आणि मोटर निर्दोष असल्याचा पुरावाही. मात्र वीज मोटरच्याच बाजूला द्यायची. चुकून गाडीच्या वायरिंगच्या बाजूला दिली आणि पुढे एखादं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल असलं, तर ते जळेल.

इंदुरात काय बिघडतं

आपल्या शहराला 2017पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर मिळत आलाय आणि ती शिस्त लोकांच्या गाड्यांतही दिसते. दिवाळीआधी गाडी आतून धुऊन घ्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आतून धुताना शॅम्पूचा फेस गालिच्यात मुरतो, वरचं कापड वाळतं, पण खालचा फोम अनेक दिवस ओला राहतो. सीटखालचा कपलर आणि अर्थचा बोल्ट नेमके तिथेच असतात. तांब्याच्या पिनांवर हिरवट पूड जमते, बोल्टखाली गंज चढतो. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी गालिच्यात उतरतं, तेव्हाही हेच होतं. आतून सफाई करायला ना नाही, पण सीटखाली ओलं कापड चालवा, पाणी ओतू नका, आणि नंतर दारं उघडी ठेवून गाडी उन्हात नीट वाळवा.

दुसरं कारण मॅट आणि सीट कव्हर. पायाखालचं जाड 7-डी मॅटिंग बसवताना सीट उचलतात आणि परत ठेवताना वायरींचा जुडगा कधी रेलखाली चिमटतो. सीट कव्हरचे हूक आणि इलॅस्टिक खालच्या वायरींनाच अडकवलेले मी पाहिलेत. सीट मागे-पुढे होताना तो जुडगा दर वेळी वाकतो. त्याला मोकळीक हवी. ती नसेल तर वायरीतले तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात आणि बाहेरून रबर मात्र शाबूत दिसतं. सीट एका ठरावीक जागी आली की बंद पडते, थोडी हलवली की चालते, असं होत असेल तर याच वायरी बघा. बटण दाबून धरून दुसऱ्यानं जुडगा हळूच हलवला की तुटकी जागा सापडते, फक्त हात रेलच्या आत ठेवू नका.

उंदरांचं तर विचारूच नका. पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते शिरतात आणि त्यांना वायरी कुरतडायला आवडतात. सीटखाली लेंड्या दिसल्या तर निदान जवळजवळ झालंच.

आणि शेव. गाडीत बसून पोहे खाणाऱ्या या शहरात जिरावन मसाला, शेव, डाळिंबाचे दाणे सगळं सीटच्या फटीतून रेलवर पडतं. रेलच्या जुन्या ग्रीसमध्ये ते मिसळून घट्ट लगदा होतो, त्यात एखादं नाणं अडकतं, आणि मोटरला दुप्पट जोर लावावा लागतो. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर वायरीत शॉर्ट शोधण्याआधी टॉर्च घेऊन रेल बघा. आणि जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही टाकू नका. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे ठरवलेला असतो. तो मोठा केला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी गालिच्याखालची वायर तापेल.

मीटर ‘12 व्होल्ट’ दाखवतो, तरी वीज नसते

इथे चांगले चांगले मिस्त्री चकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लोकमान्य नगरातल्या एका काकांच्या गाडीची सीट आतून सफाई झाल्यानंतर अगदी हळू सरकायला लागली. एका गॅरेजमध्ये मोटरचा कपलर सुटा करून मीटर लावला, 12.4 व्होल्ट आले. “सप्लाय बराबर है”, म्हणून मोटर बदलली. नवी मोटरही तितकीच हळू चालली. मोजमाप खरं होतं, पण ते चुकीच्या वेळी घेतलं होतं.

नळाला लांबून पाणी येतंय आणि मध्ये पाइप गाळानं अर्धामुर्धा बुजलाय असं समजा. नळ बंद असताना पाइपवर दाबमापक लावला तर दाब पूर्ण दिसेल, कारण पाणी वाहतच नाहीये. नळ सोडला की मात्र बारीक धार येईल. बुजलेली जागा पाणी वाहू लागल्यावरच जाणवते.

विजेचंही तसंच, आणि इथे हिशेब करून बघता येतो. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. 12 व्होल्टला त्यातून एका अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग वाहतो. गंजलेल्या जोडाचा रोध समजा अर्धा ओहम आहे. इतक्या कमी करंटला तो जोड काहीच खात नाही, म्हणून मीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. पण मोटर जोडली आणि तिनं 6 अँपिअर ओढले की त्याच जोडावर 6 गुणिले 0.5, म्हणजे 3 व्होल्ट खर्ची पडतात. मोटरला उरतात नऊ. वायरीतला एकच तंतू शाबूत असला तरी मीटर समाधानी असतो. मोटरला मात्र तेवढ्यानं भागत नाही.

म्हणून मोजायचं ते मोटर जोडलेली असताना आणि बटण दाबलेलं असताना. कपलर सुटा करायचा नाही, त्याच्या मागच्या बाजूनं वायरीलगत बारीक पिन सरकवून मीटर लावायचा. काकांच्या गाडीत नंतर असं मोजलं तेव्हा बटण दाबल्यावर बॅटरीवर 12.2 व्होल्ट होते आणि मोटरच्या दोन पिनांत फक्त 8.1. मधले 4.1 कुठे गेले? मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटरच्या प्लस पिनवर ठेवून बटण दाबलं: 0.5. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं मोटरच्या मायनस पिनवर: 3.6. बेरीज बरोबर 4.1. सगळी चोरी अर्थच्या बाजूला होती. गालिचा उचलला, अर्थचा बोल्ट सोडला, पत्रा आणि वायरीच्या टोकाची कडी सँडपेपरनं घासून स्वच्छ केली, बोल्ट पुन्हा आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. सीट पूर्ववत झाली. या मोजणीला नवा पार्ट लागत नाही, फक्त बटण दाबायला दुसरा माणूस लागतो.

किती गळती चालते? साधा नियम म्हणून प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि अर्थच्या बाजूला 0.2 व्होल्टपर्यंत. त्याहून जास्त दिसलं तर मीटरचं टोक एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारेल तोच दोषी. मीटर नसेल तर ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून वापरा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मोटरच्या जागी लावल्यावर लख्ख पेटला तर वाट बरी आहे, मिणमिणला तर कुठेतरी जोड खराब आहे. एलईडीवाला टेस्टर इथे उपयोगाचा नाही, तोही मल्टिमीटरसारखाच नगण्य करंट ओढतो. मात्र हा बल्ब फक्त मोटरच्या वायरींवर लावा, सेन्सरच्या किंवा मॉड्यूलच्या बारीक वायरींवर नाही.

हळू चालणारी सीट आणखी एका रीतीनं ओळखता येते, ती म्हणजे क्लँप मीटर, वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. विकत घेताना त्यावर डीसी अँपिअर मोजता येतात का ते बघा. स्वस्तातले बरेच क्लँप फक्त घरातली एसी वीज मोजतात. सीट हळू आहे आणि करंट जास्त आहे, तर मोटर धडपडतेय: रेलमध्ये अडथळा आहे, ग्रीस वाळलंय किंवा गिअर अडकतोय. सीट हळू आहे आणि करंटही कमी आहे, तर मोटरला वीज पोचत नाही किंवा तिचे कार्बन ब्रश झिजलेत. या दोघांत फरक करायला पुन्हा मोटरच्या पिनांवर बटण दाबून व्होल्टेज बघा. व्होल्टेज कमी असेल तर वायरिंग, पूर्ण असेल तर ब्रश. ब्रश झिजलेली मोटर बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकल्यावर कधीकधी चालू होते. असं झालं तरच मी म्हणेन, हो, मोटर गेली. करंट किती असावा याचा आकडा गाडीगणिक बदलतो. शेजारची सीटही पॉवरची असेल तर तिच्याशी ताडून बघा, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ते जास्त खात्रीचं.

मेमरी असलेली सीट

1957च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्येही मेमरी सीट होती, पण आजच्या मेमरी सीटमध्ये मधे एक कंट्रोल मॉड्यूल बसलेलं असतं आणि त्यानं वर सांगितलेला एक नियम बदलतो. इथे स्विचमधून मोटरचा करंट जातच नाही. स्विच फक्त मॉड्यूलला इशारा देतो आणि मॉड्यूल मोटर फिरवतं. त्यामुळे एकच दिशा बंद असेल तर स्विचबरोबर मॉड्यूलच्या आतल्या रिलेवर किंवा ट्रान्झिस्टरवरही संशय घ्यावा लागतो.

सीट कुठे आहे हे मॉड्यूलला कळतं ते मोटरवरच्या हॉल सेन्सरमुळे. मोटर फिरली की सेन्सर विजेचे ठोके पाठवतो आणि मॉड्यूल ते मोजतं. बटण दाबल्यावर सीट जराशी सरकून थांबते, पुन्हा दाबलं की पुन्हा जराशी सरकते, असं होत असेल तर मोटर बदलू नका. ठोके येत नाहीत म्हणून मॉड्यूलला वाटतं मोटर अडकली, आणि ते वीज तोडतं. सेन्सरच्या बारीक वायरी आणि त्यांचा कपलर तपासा.

इथे स्कॅनर हवा, आणि सीटच्या किंवा बॉडीच्या मॉड्यूलशी बोलणारा हवा. ऑनलाइन मिळणारे छोटे ओबीडी रीडर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात. चांगल्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि सीटचं बटण दाबा. स्क्रीनवर ‘दाबलं’ असं दिसलं तर स्विच आरोपातून सुटला. मग स्कॅनरमधूनच मोटर फिरवून बघता येते. ती फिरली तर मॉड्यूलपासून मोटरपर्यंतची वाटही सुटली.

काम झालं की कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबा, वायरींचा जुडगा मूळच्या क्लिपांत अडकवा आणि बॅटरी जोडण्याआधी जुडगा हातानं हलवून काही ताणलं जात नाही ना ते बघा. बॅटरी सोडल्यामुळे मेमरी सीटला आपली टोकं पुन्हा शिकवावी लागू शकतात. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक दिशेला सीट पूर्ण टोकापर्यंत नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं. नेमकी रीत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असते. शेवटी इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंद लागून विझायला हवा. लागूनच राहिला तर पिवळा कपलर नीट बसलेला नाही. इग्निशन बंद करून, बॅटरी सोडून, थांबून तो पुन्हा बसवा. तरीही दिवा विझला नाही तर एअरबॅगचे कोड वाचू शकणाऱ्याकडे गाडी न्या.